उपकरण सापडले नाही

निपाणी
२ फेब्रुवारी २०२५

चि. पारमिता,
सप्रेम जयभीम.

ही मेल थेट तुझ्या नावानं आलेली बघून तुला नवल वाटेल. एरवी तुझी आज्जी, म्हणजे माझी आक्का, सांगते, तू टाइप करून पाठवतेस, आणि मी तिला उत्तर लिहितो. तू आमच्या दोघांमधलं टपाल. आज मात्र काम तुझ्याकडंच आहे.

माझे कान पार गेलेत हे तुला ठाऊक आहे. फोनवर मला काही कळत नाही, म्हणून तर हा पत्रांचा खटाटोप. गेल्या महिन्यात आमचा यशपाल बेंगळूरहून आलता. त्यानं मला कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं आणि नवीन श्रवणयंत्रं बसवून आणली. भुईमुगाच्या दाण्याएवढी आहेत. त्यांत ब्लूटूथ आहे म्हणे. यशपालनं स्वतःचा फोन त्यांना जोडला आणि बेंगळूरला बसलेल्या सूनबाईचा आवाज थेट माझ्या कानात आला. स्पीकरवर खोलीतला सगळा गलका एक होतो, त्यातनं शब्द वेगळे निघत नाहीत. हा आवाज तसा नव्हता. ती 'मामंजी, जेवला का' म्हणाली, आणि मला तिच्या आवाजातला थोडा खरखरीतपणासुद्धा कळला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तो ऐकला असेल.

तेव्हापासून मनानं घेतलंय की आक्काशी बोलायचं. यशपाल त्याचा फोन घेऊन परत गेला. मोबाइल मला नको. बोटं थरथरतात आणि तेवढ्याशा काचेवर माणसाचं तोंड नीट दिसत नाही. मला आक्का समोर मोठी दिसली पाहिजे आणि ऐकू आली पाहिजे. बसनं यावं तर कानाच्या या दुखण्यामुळं डोकं गरगरतं, संकेश्वर यायच्या आत उलट्या सुरू होतात. तेव्हा राहिला माझा कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर शाळेतनं माझ्यासारखाच निवृत्त झालेला. विंडोज त्याला झेपेना, म्हणून शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी त्यात लिनक्स घालून दिलं. ते कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही आतून उघडून बघावं, सुधारावं, वाटावं, हे ऐकून मला ते फार आवडलं. आता त्याला मागं नखाएवढी ब्लूटूथची कांडी खोचलीय. पण सेटिंगमध्ये जाऊन बटण चालू केलं की ते आपोआप परत बंद होतं. पडद्यावर एवढंच येतं: उपकरण सापडले नाही.

तू बेळगावात कंपनीत हेच काम करतेस असं आक्का मागं म्हणाली होती. मला वाट दाखव. आक्काला सांग, आण्णाप्पा बोलणार आहे, काय बोलायचं ते ठरवून ठेव.

तुझा,
आप्पाआजोबा

*

काकती
४ फेब्रुवारी

ती. आप्पाआजोबा,
सविनय जयभीम.

मी दिवसभर लिनक्सचेच सर्व्हर सांभाळते. घरातलं कुणी मला त्याबद्दल काही विचारेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि विचारलं ते तुम्ही, आज्जीच्या धाकट्या भावानं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

बटण चालू केल्यावर लगेच बंद होतंय म्हणजे कॉम्प्युटरनं ब्लूटूथला आतून कुलूप घातलेलं असणार. कधीतरी 'विमान मोड' चुकून दाबला गेला की असं होतं आणि ते तसंच राहून जातं. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. दोन ओळी वेगळ्या मेलनं पाठवल्यात, त्या जशाच्या तशा उतरवा. पहिली ओळ कुलूप आहे का ते सांगेल, दुसरी ते काढेल. पासवर्ड मागेल तेव्हा तुम्ही टाइप केलेलं दिसणार नाही, घाबरू नका, तो घेतोय.

आज्जी बरी आहे. थंडीनं घसा बसलाय, म्हणून फार बोलत नाही. तिचा निरोप: तब्येतीची काळजी घ्या, वेळेवर जेवा.

तुमची,
पारमिता

*

निपाणी
९ फेब्रुवारी

चि. पारमिता,

कुलूप होतं. तू म्हणालीस तसंच. पहिल्या ओळीनं तसं सांगितलं आणि दुसऱ्या ओळीनं ते निघालं. बटण चालू झालं ते चालूच राहिलं. मी उठून चहा करून घेतला, स्वतःचं कौतुक म्हणून.

मग 'शोध' दाबलं. पडद्यावर एकेक नाव उगवायला लागलं. शेजारच्यांचा टीव्ही आला, कुणा सूरजचं कानातलं आलं, गल्लीत उभ्या असलेल्या गाडीचं नाव आलं. सगळी आळी माझ्या पडद्यावर हजर, आणि माझ्याच कानातली यंत्रं तेवढी न्हाईत. रोज संध्याकाळी शोधतो. तीच ती शेजाऱ्यांची नावं.

नावं एकेक येताना बघून मला वखारीची आठवण झाली. तू निपाणीची ती तंबाखूची वखार बघितली नसशील. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. आमची आई तिथं तंबाखू चाळायची. खकाण्यानं, त्या तिखट धुळीनं, बाया दिवसभर शिंकायच्या. आई गेली तेव्हा मी पहिलीतही नव्हतो. मग तिच्या जागी आक्का जायला लागली, आणि घरी आली की विड्या वळायची. संध्याकाळी वखार सुटली की ती फाटकात उभी राहून मला हाक मारायची. मी असायचो पार ओढ्याच्या पलीकडं. आण्णाप्पा असं पुरं नाव, शेवटचा 'पा' लांबवून. ती हाक वखारीच्या पत्र्यावरनं, बाभळींवरनं यायची. माझ्याबरोबरची पोरं म्हणायची, तुझी आक्का आली रं, पळ. भीमजयंतीला मिरवणुकीपुढं गाणं म्हणायला तिलाच पुढं करायचे. माइक लागायचा नाही. लग्न होऊन लोंढ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेली, तेव्हा मी हायस्कुलात होतो. सुट्टीत तिच्याकडं जायचो. तुझे आजोबा लाइनवर कामाला असायचे, आणि ही स्वयंपाकघरातनं हाक मारून त्यांना जेवायला बोलवायची. गाडीची शिट्टी आणि हिचा आवाज यांत कुणाचा मोठा यावर क्वार्टरमधल्या बाया हसायच्या.

एक विचारतो. डिसेंबरपासनं आक्काची जी दोन पत्रं आली त्यांत आक्का दिसली नाही. ती मला 'काळजी घ्या' म्हणणार? जन्मात कधी तिनं मला अहो-जाहो केलं नाही. शिव्या नाहीत, वाळलास म्हणून ओरडणं नाही. तुझ्या भावाच्या, भीमरत्नच्या लग्नाला मी येऊ शकलो नाही त्याचा राग तिनं अजून धरलाय का? तसं असेल तर सरळ सांग. मी तिची समजूत काढीन, त्यासाठीच तर हे यंत्र जोडायचंय.

तुझा,
आप्पाआजोबा

*

काकती
२ मार्च

ती. आप्पाआजोबा,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. ऑफिसात सगळे सर्व्हर एका जागेहून दुसरीकडं हलवत होतो, घरीही गडबड होती.

आज्जी तुमच्यावर अजिबात रागावलेली नाही. लग्नाचं तर तिच्या मनातही नाही. तुमच्या मेल मी तिला वाचून दाखवते. वखारीचं वाचलं तेव्हा तिनं मला ते परत वाचायला लावलं.

यंत्रांचं सांगते. कांडी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला असेल आणि मागं लोखंडी कपाट असेल तर ती काढून पुढच्या खाचेत घाला. लोखंडापुढं ब्लूटूथचं काही चालत नाही. दुसरं म्हणजे, यंत्रं कानात असताना ती स्वतःचं नाव कुणाला सांगत नाहीत. ती डबीत ठेवून झाकण लावा, दिवा हिरवा झाला की बाहेर काढा. बाहेर आल्यावर थोडाच वेळ ती आपली ओळख देत असतात, तेवढ्यात 'शोध' दाबायचा. नाव दिसलं की आधी जोडा, मग 'विश्वास ठेवा' असं जे येईल त्याला हो म्हणा, म्हणजे पुढच्या वेळी आपोआप जोडलं जाईल.

पण आजोबा, घाई करू नका. उन्हाळा सुरू होऊ दे. आज्जीचा घसा अजून तसाच आहे. एप्रिलमध्ये निवांत बोलू.

तुमची,
पारमिता

*

निपाणी
८ मार्च

चि. पारमिता,

आलं. माझ्या यंत्राचं नाव आलं. शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या खाली, अगदी शेवटी. जोडलं, विश्वास ठेवला, आणि कानात टुंग असा बारीक आवाज झाला.

पहिल्यांदा कन्नड बातम्या लावल्या, कारण तेच पान उघडं होतं. बाई कुठल्यातरी धरणाबद्दल बोलत होती. स, श, च हे आवाज मला कितीतरी वर्षांत आले नव्हते. त्यांच्याशिवायची भाषा ऐकायची मला सवय झाली होती. ते आले तेव्हा असं वाटलं की पडलेले दात परत बसवलेत. मी तिचं धरण शेवटपर्यंत ऐकलं. मग हवामान ऐकलं. मग शेतमालाचे भाव ऐकले.

एक अडचण आहे. नुसतं ऐकतो तेव्हा आवाज भरीव येतो, पण कॉल करून बघायची चाचणी घेतली की तोच आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा होतो. याला काय करायचं ते कळव.

आणि एप्रिलपर्यंत थांबायचं नाही. येत्या नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी आक्काला तुझ्या लॅपटॉपसमोर बसव. घसा बसला असेल तर बसलेल्या घशानं बोलू दे. तिचा बसलेला आवाजसुद्धा दुसऱ्यांच्या चांगल्या आवाजाहून मोठा असतो.

पारमिता, मी वयस्कर माणूस आहे, पण लहान पोर न्हवे. महिना-महिना कुणाचा घसा बसत नाही. काय आहे ते लिही.

तुझा,
आप्पाआजोबा

*

काकती
१६ मार्च

ती. आप्पाआजोबा,

आठवडाभर हे पत्र लिहून पुसतेय. आई म्हणाली, आता लिही, आज्जी रागावली तर मी बघते.

दिवाळीनंतर आज्जीच्या गळ्यात गाठ आली. आम्ही बेळगावात मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं. गाठ स्वरयंत्रावर होती आणि ते सगळंच काढावं लागलं. आता ती धोक्यातून बाहेर आहे. जेवते, अंगणात फिरते, सकाळी झाडांना पाणी घालते. गळ्यापाशी एक भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेते, त्यावर पातळ रुमाल बांधते. पण आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही. ओठ हलतात आणि बाहेर काहीच येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना कॉटभोवती बोलवलं आणि सांगितलं, "आण्णाप्पाला सांगू नगासा. त्येला ऐकू येत न्हाय, त्येला काय फरक पडतोय? त्येच्या कानात माझा आवाज हाय तेवढा ऱ्हाऊ द्या." ते तिचं शेवटचं बोलणं असेल असं तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. म्हणून ती दोन पत्रं मी लिहिली. मला तुमच्या आक्कासारखं लिहिता आलं नाही.

घरात फार कठीण झालंय, आजोबा. आज्जीला लिहिता येत नाही. ती काहीतरी सांगते, आम्ही अंदाज करतो, चुकतो, ती परत सांगते, आम्ही परत चुकतो. दवाखान्यातून चित्रांची पाटी दिली होती, पाणी, जेवण, झोप, दुखतंय अशी. ती तिनं कपाटामागं टाकली. गळ्याला लावायचं यंत्रही दाखवलं होतं, त्यातून घूं घूं आवाज येतो. ती त्याच्याकडं बघायलाही तयार नाही. परवा आईला काहीतरी सांगत होती. आईला कळेना. आज्जीनं ताट भिंतीवर मारलं आणि तोंड फिरवून झोपली. तशी ती कधीच नव्हती. आता दिवसेंदिवस ओठ हलवायचंच सोडत चाललीय. मला त्याचीच भीती वाटते.

तुमच्या डब्यातल्या आवाजाचं: यंत्रं ऐकणं आणि बोलणं दोन्ही करायला गेली की आवाज पातळ होतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये बोलण्यासाठी कॅमेऱ्याचा माइक निवडा आणि यंत्रांना फक्त ऐकण्याचं काम ठेवा. मग भरीव येईल.

कशासाठी ते मात्र मला माहीत नाही.

पारमिता

*

निपाणी
१७ मार्च

चि. पारमिता,

तुझं पत्र काल आलं.

आज सकाळी यंत्रांच्या डबीतली पुस्तिका काढून वाचली. डबीत ठेवून बाहेर काढा आणि शोधा, हे तिच्या पहिल्याच पानावर आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीला ते पहिल्या दिवशी माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. कुलपाचं आधी सांगितलंस, मग तीन आठवडे गप्प राहिलीस, मग डबीचं सांगितलंस. मी आयुष्यभर वर्गात उभा राहिलोय. वेळ काढणारं पोर मला कळतं. रागावलो नाही. आज्जीच्या शब्दाखातर केलंस.

रविवारी चारला तिला माझ्यासमोर बसव. फसवून बसवू नको. आण्णाप्पाला सगळं कळलंय म्हणून सांग. नको म्हणाली तर म्हणावं, तू नुसती बस, तो बघेल. उजेड तिच्या तोंडावर पडेल असं बसव, पाठीमागं खिडकी नको.

आप्पाआजोबा

*

काकती
२४ मार्च

ती. आप्पाआजोबा,

कालचं सगळं तुम्ही बघितलंत, तरीही लिहितेय, कारण पडद्याच्या या बाजूचं तुम्हाला अर्धंच दिसलं.

तुम्हाला कळलंय हे मी आज्जीला शनिवारी सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खोलीतून बाहेर आले. रविवारी आईनं तिला नवं लुगडं काढून दिलं, तिनं ते नेसलं, म्हणजे बसणार असं आम्ही धरलं. लॅपटॉप स्टुलावर ठेवला. तुम्ही पडद्यावर आलात आणि तिनं पदरानं गळा झाकून घेतला, भिंतीकडं तोंड केलं. आई, भीमरत्न आणि मी दारात उभे. मला वाटलं, झालं, आता कॉल बंद करावा.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "आक्का, इकडं बघ. मला तरी कुठं ऐकू येतंय?"

ती वळली. तिनं तुमच्याकडं बघितलं आणि तिचे ओठ हलले. आम्ही सवयीनं अंदाज बांधायला लागलो, पाणी मागतेय का, उशी का. आणि तुम्ही सहज उत्तर दिलंत, "जेवलो. भाकरी आन आमटी." आई मला हळूच म्हणाली, जेवणाचं कुणी विचारलं? परत आज्जीचे ओठ हलले आणि तुम्ही म्हणालात, "व्हय, वाळलोय. वय झालं न्हवं का माझंबी?"

आजोबा, तुम्ही ओठ वाचता हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. लग्नाकार्यात तुम्ही बोलणाऱ्याच्या तोंडाकडं एकटक बघत बसता, आई म्हणायची, आप्पांना ऐकू येत नाही म्हणून बिचारे नुसते बघत बसतात. तुम्ही बघत नव्हता, ऐकत होता.

मग आज्जी जी सुटली. चार महिन्यांचं साठलेलं. तिचे ओठ चालले होते आणि तुम्ही एकेक वाक्य मोठ्यानं सांगत होता, जसंच्या तसं, तिच्याच बोलीत. चहात साखर घालत न्हाईत. माझी कॉट खिडकीकडं घ्या, मला रस्ता दिसू दे. भीमरत्नची बायको लई गुणाची हाय, तिला कुणी सांगितलंच न्हाय. आणि मग तुम्ही थांबलात, तिला परत म्हणायला लावलंत, कारण ओठांवर म, ब आणि प सारखेच दिसतात असं तुम्ही आम्हाला सांगितलंत. मग म्हणालात, "मालुबाई. लोंढ्याच्या मालुबाईला बोलवा म्हणती."

मालुबाई म्हणजे रेल्वे क्वार्टरमधली तिची मैत्रीण. आज्जी महिनाभर तिचं नाव घेत होती. आणि आम्हाला वाटायचं ती 'मालिश' म्हणतेय. आई रोज संध्याकाळी तेल गरम करून तिचे पाय चोळत होती. आज्जी पाय ओढून घ्यायची, आई म्हणायची, असू द्या, लाजू नका. आईला काल हे कळलं तेव्हा ती हसायला लागली आणि हसता हसता उंबऱ्यावर बसून रडली. आज्जीपण हसली. आवाज नाही, पण खांदे हलत होते.

मालुबाई आज सकाळच्या गाडीनं आल्या. तिघी अंगणात बसल्यात, आज्जी, मालुबाई आणि आई. मालुबाईंना आज्जीचं काही कळत नाही, पण त्या एकट्याच दोघींचं बोलतात.

आजोबा, एक मागणं आहे. रोज थोडा वेळ याल का?

तुमची,
पारमिता

*

निपाणी
२० एप्रिल

चि. पारमिता,

आता रोज चारला भेटतो, त्यामुळं तुला पत्र लिहायचं राहूनच गेलं. पण काल तू ऑफिसात होतीस आणि घरचे सगळे शहापूरला खरेदीला गेले होते, तेव्हाचं तुला सांगायला हवं.

ओठ वाचायला मी कुठं शिकलो नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वर्गातला आवाज कमी कमी येत गेला, आणि पोरं काय विचारतात ते त्यांच्या तोंडावरनं ओळखायला लागलो. कुणाला कळू दिलं नाही, नाहीतर लवकर घरी पाठवलं असतं. सगळ्यांचे ओठ मला जमत नाहीत. मिशीवाल्यांचे तर अजिबात न्हाईत. पण आक्काची बोलायची ढब मला पाठ आहे. ती कुठं थांबणार, कुठं शिवी घालणार ते ओठ हलायच्या आधी कळतं.

तू विचारलं होतंस, यंत्रं जोडून उपयोग काय झाला. उपयोग झाला. पहिल्या दिवशी मी ती काढून ठेवणार होतो, मग म्हटलं असू देत. तर तुमच्या घरातले आवाज यायला लागले. मागं तुझ्या वहिनीनं, उपासनानं कुकर लावलेला, बाहेर कुणीतरी कन्नडमध्ये भाजी विकतंय, भीमरत्नची गाडी. आणि या सगळ्यांच्या पुढं, अगदी जवळ, आक्काचा श्वास. त्या रुमालाखालनं येतो आणि जातो. बोलते तेव्हा तो भरभर होतो, रागावली की अडतो, हसली की तुटक येतो. हातातल्या बांगड्या वाजतात, कारण ती हात हलवल्याशिवाय बोलत नाही. हे मला दुसऱ्या कुठल्या यंत्रानं आणून दिलं नसतं. पत्र्याच्या डब्यातला आवाज तू काढून टाकलास म्हणून तो श्वास मला येतो.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात तू मला फोनच्या पडद्यावर डॉक्टरांसमोर धरलंस तेव्हा त्यांना ते सगळं विचित्र वाटलं असेल. निपाणीचा बहिरा म्हातारा बेळगावच्या पेशंटचं बोलणं सांगतोय. पण तिनं त्यांना विचारलं ते तिला कधीचं विचारायचं होतं. मिरवणुकीत चाललं तर चालंल का, धुळीनं काय होईल का? ते हो म्हणाले. चौदा तारखेला ती काकतीच्या मिरवणुकीत अर्ध्या रस्त्यापर्यंत चालली, तू फोटो पाठवलास. बाकीच्या बाया गात होत्या आणि तिचे ओठ त्यांच्यापुढं अर्धा शब्द चालले होते. फोटोतही ते कळतं.

आता कालचं. आम्ही दोघंच होतो. तिनं खाली बघून रुमाल नीट केला आणि विचारलं, "आण्णाप्पा, आईचा आवाज कसा हुता, तुला आठवतंय का?"

मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मलाबी आठवंना झालाय. तोंड आठवतंय, हात आठवत्यात, तंबाखूचा वास येतोय. आवाज गेला. लई दिस झालं, रोज आठवून बघते." आणि मग म्हणाली, "माझाबी असाच जाईल तुझ्या ध्येनातनं."

पारमिता, मी तिला खरं तेच सांगितलं. म्हणालो, आक्का, आई गेली तेव्हा मी एवढासा. मला निजवताना बोलली असेल ती आई, पण माझ्या ध्यानात बोलणारी तूच आहेस. जेवायला बोलावणारी, अंगाई म्हणणारी, शाळेत घालताना मास्तरांशी भांडणारी. मी आईचा आवाज शोधायला गेलो की दरवेळी तुझाच येतो. आईला मी कधी वेगळं ऐकलंच नाही. तुझा आवाज गेला तर माझी आईपण जाईल, आणि ती अजून गेली नाही.

कानात तिचा श्वास येत होता, तो अडला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं, म्हणजे मला नीट दिसावं.

"उद्या लौकर ये," ती म्हणाली. "चारची वाट बघून जीव जातोय माझा."

आज तीनलाच बसतोय.

तुझा,
आप्पाआजोबा